आईचे गराडू

बाबा, मावशी येऊन गेली. महाकालाचं दर्शन झालं, राम घाटावर आईच्या नावानं दिवा सोडून झाला, भैरवगढच्या छापाच्या चादरी घेऊन झाल्या, आणि निघायच्या आदल्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या बसल्या तिनं एक वाक्य बोलून टाकलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी हाताला तेल चोळून गराडू सोलत होते. नाशिकला हा कंद कुणाला माहीत नाही, म्हणून तिला समजावत होते की हा आपल्या कोनफळाच्याच घराण्यातला, थंडीत येतो, माळव्यात त्याचे तुकडे तळून वर जीरावन मसाला भुरभुरवतात, लिंबू पिळतात आणि चौकात उभ्यानं खातात. आणि बोलता बोलता, अगदी सवयीनं, म्हणाले की हे आईचे गराडू. मावशी हसली. म्हणाली, "कुणाच्या आईचे गं? ताईनं असला कंद कधी हातात धरला नाही. साधं अळू चिरायचं म्हटलं तरी तिच्या अंगाला खाज सुटायची. आणि रस्त्यावरचं म्हणशील, तर ठेला दिसला की ती नाकाला पदर लावायची." मी तिला काय उत्तर दिलं ते शेवटी लिहिते. आधी तुमच्याशी बोलायचं आहे.

ती पहिली थंडी मला जशी आठवते तशी सांगते. चुकलं तर आता दुरुस्त करायला कुणी नाही. आई पावसाळ्यात गेली. मी पहिलीत होते. फ्रीगंजात घड्याळाच्या टॉवरच्या मागच्या गल्लीत आपलं भाड्याचं घर, वरचा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. खालच्या काकू दोन्ही वेळा डबा पाठवायच्या. पोळी-भाजी, वरण-भात, सगळं नीटनेटकं, आणि मी ते खात नव्हते. हट्ट नव्हता तो. घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. तुम्ही समोर बसलेले असायचात. रागवत नव्हता, समजावत नव्हता, बोलतच नव्हता. बँकेतून आलात की बूट काढायचात, हातपाय धुवायचात आणि ताटासमोर येऊन बसायचात, तेवढाच काय तो घरात आवाज. आईचं नाव तर तिच्या साड्यांबरोबरच घरातून गेलं होतं. दिवाळीला मावशी आली. तिनं माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं, आणि पडद्यापलीकडे तुम्हाला म्हणाली की अशानं पोर हातची जाईल, मी तिला नाशिकला घेऊन जाते, माझ्या दोघांत तिसरी.  तुम्ही म्हणालात, संक्रांतीपर्यंत बघू. मावशी म्हणाली, बघा, संक्रांतीला मी येतेच आहे. पडद्याच्या अलीकडे मी उभी होते, हे तुम्हा दोघांनाही कधी कळलं नाही.

मग ती टॉवर चौकातली संध्याकाळ. तुम्ही मला स्वेटर चढवून, कानांवरून मफलर बांधून बाहेर नेलंत. कशासाठी ते आठवत नाही, बहुतेक घरात बसवत नव्हतं म्हणून. चौकात थंडीचे ठेले लागले आहेत. एका मोठ्या काळ्या कढईच्या काठावर अर्धवट तळलेले पांढुरके तुकडे रचून ठेवलेत. कुणी मागितलं की ठेलेवाला त्यातले मूठभर तेलात ढकलतो, ते लालसर होऊन वर येतात, आणि पानाच्या दोन्यात पडल्यावर त्यांच्यावर जीरावन हलवतो, झाकणाला भोकं पाडलेल्या एका डब्यातून. तुम्ही एक दोना घेतलात, स्वतःसाठीच घेतला असणार, आणि माझ्याकडे पाहून एक तुकडा फुंकर घालून माझ्या तोंडात दिलात. तो खाली उतरला. मग दुसरा उतरला. दोना मी एकटीनं संपवला. तुम्ही आणखी एक सांगितलात, आणि तो खाता खाता मी म्हणाले, "बाबा, आई असेच करायची." तुमच्या हातातली, तुकडा टोचायची काडी होती तिथंच राहिली. मला वाटलं, आता रागवणार. तुम्ही म्हणालात, "हो. अगदी असेच करायची." आणि मग घर येईपर्यंत तुम्ही बोलत राहिलात. तळायला बसली की ती पदर कसा खोचायची, पहिला तुकडा चवीला तुमच्याच हातावर कसा ठेवायची, मीठ कमी पडलं की स्वतःवरच कशी चिडायची. मी तुमचं बोट धरून चालत होते आणि ऐकत होते. आई गेल्यावर त्या दिवशी ती पहिल्यांदा आपल्या घरात परत आली.

पण बोलून तर बसलात. आई घरी करायची म्हटल्यावर घरी करणं आलं, आणि तुम्हाला धड चहा येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी तुम्ही एक गराडू आणलात, मातीनं भरलेला, तुमच्या मनगटाएवढा जाड, आणि स्वच्छतेच्या नादात सरळ नळाखाली धरून सोललात. पाणी लागलं की हा कंद काय करतो ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कोपरापर्यंत हात लाल झाले. तुम्ही ते गव्हाच्या डब्यात घातलेत, मग रॉकेलनं पुसलेत, मग नुसतेच धरून बसलात. तशाच हातांनी दुसऱ्या दिवशी काउंटरवर गेलात तर कुणीतरी विचारलं, बाबूजी, शादी-वादी में गए थे क्या, मेहंदी बहुत चढ़ी है. हे तुम्ही मला घरी येऊन सांगितलंत आणि स्वतःच हसलात. ते कच्चेच तळलेले तुकडे बाहेरून काळे आणि आतून खडूसारखे झाले होते. मी ते खाल्ले. आईचे म्हटल्यावर खाणं भागच होतं.

मग तुम्ही रोज बँकेतून परतताना त्या ठेल्यापाशी थांबायला लागलात. खायला नाही, बघायला. पुढं तुम्हीच एकदा मला समजावलं होतंत की घरातला स्वयंपाक कसा होतो ते तुम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. तुमच्या घरी ताट वाढल्याशिवाय पुरुषांना आत बोलावत नसत, आणि बाईमाणूस आत काय करते ते विचारायची पद्धत नव्हती. आता शिकायचं म्हणून काकूंच्या ओट्यापाशी जाऊन उभं राहावं, तर एका विधुराला ते शोभणारं नव्हतं. काका काही म्हणाले नसते, पण गल्ली म्हणाली असती. राहिला रस्ता. रस्त्यावरचा माणूस चार लोकांसमोर चिरतो, कालवतो, तळतो, काही झाकून ठेवत नाही. म्हणून आपल्या घरात आमटी कधी शिजली नाही आणि कचोरी मात्र दर रविवारी फुगली. लोक घरचं खाऊन कंटाळले की चौकात जायचे. आपण चौकातलं खाऊनच घरचे झालो.

एकदा मीही तुमच्याबरोबर ठेल्यापाशी होते. ठेलेवाल्यानं तुमचे हात पाहिले आणि म्हणाला, "अरे बाबूजी, पानी मत लगने दो. हाथ में तेल मल लो, फिर छीलो. और एक बार में मत तलो, पहले कच्चा-पक्का निकाल लो, बाद में तेज आँच पे." तुम्ही मान हलवलीत. आणि रविवारी घरी, हाताला तेल चोळता चोळता मला म्हणालात, "बेटा, आई आधी असं तेल लावून घ्यायची. आणि दोनदा तळायची." मी विचारलं की मग ते ठेलेवाल्या भैयांना कसं माहीत? तुम्ही जराही अडला नाहीत. म्हणालात, "चांगल्या हाताचं असलं की ते चौकापर्यंत पोचतंच." बाबा, मी किती तरी वर्षं असं समजून चालत होते की अख्ख्या टॉवर चौकाला माझ्या आईनं शिकवलंय. शाळेत हे सांगून मी भांडणं ओढवून घेतली आहेत.

संक्रांतीला मावशी आली तेव्हा माझे गाल भरले होते. तिनं मला उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तीळगूळ देऊन एकटीच परत गेली. ती होती तेवढे दिवस आपल्याकडे काकूंचाच डबा आला, आणि मी दोन वेळा मागूनही तुम्ही गराडू केले नाहीत. मावशीला तेलकट चालत नाही म्हणालात. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तेव्हा मला नुसतं नवल वाटलं होतं.

त्यानंतर आईचा स्वयंपाक वाढतच गेला. पावसाळ्यात ती भुट्ट्याचा कीस करायला लागली, दुधात शिजवून, वर खोबरं-कोथिंबीर घालून. उपासाला ती साबुदाण्याची खिचडी वाफेवर करायची, शेंगदाण्याच्या कुटाची नव्हे, वर शेव नि जीरावन घालून, आणि खालच्या काकूंनी ती पाहून उपासाला शेव, असं म्हणत कपाळावर हात मारून घेतला. सुट्टीत ती पाणी-पताशे करायची, म्हणजे मावशीकडची पाणीपुरी. तेव्हा तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून टेबलामागे उभे राहायचात, मी टेबलाच्या पुढे दोना धरून, आणि एकेक पताशा फोडून, भरून, पाण्यात बुडवून माझ्या दोन्यात ठेवायचात. पुढचा देण्याआधी माझं तोंड रिकामं होईपर्यंत थांबायचात. आणि त्या थांबण्यात आईची एखादी गोष्ट यायची. मी मुद्दाम हळू खायची. नवीन काही जमलं की मी विचारायची, आई अजून काय करायची? तुम्ही जरा विचार करायचात, आणि दोन-तीन दिवसांनी सांगायचात. मधल्या दिवसांत तुम्ही घरी उशिरा यायचात.

मग चौक बदलला. गच्च्यांवरून केबलच्या तारा आल्या, थंड पेयांच्या नव्या पाट्या लागल्या, गराडूच्या ठेल्याशेजारी चाउमीनचा ठेला आला आणि त्याच्यापुढे जास्त गर्दी व्हायला लागली. तुमच्या बँकेत कंप्युटर येणार म्हणून आधी निदर्शनं झाली आणि मग ते आलेच. मी नववीत होते. मैत्रिणींबरोबर चौकात खायला जायचं म्हणजे मोठं काहीतरी केल्यासारखं वाटायचं. एका थंडीत तिथून येऊन, तुमच्या कढईतला तुकडा चाखून, मी सहज म्हणाले की ठेल्यावरचे जास्त छान असतात, हे फारच मऊ होतात. तुम्ही झारा खाली ठेवलात. "आईच्या हाताला नावं ठेवायची नाहीत. समजलं? खायचं नसेल तर ऊठ." आयुष्यात तुम्ही माझ्यावर चढवलेला तेवढाच आवाज. झारा तुमच्या हातात, बनियनवर तेलाचे डाग तुमच्या, आणि नावं ठेवली गेली आईला. मला हसू यायला हवं होतं. पण तुमचा चेहरा पाहिला आणि मी ताटली पुढे केली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. कळूनही मी ते स्वतःला पुरतं कळू दिलं नाही.

पुण्याला कोर्सला निघाले तेव्हा तुम्ही मला एक डबी दिलीत. कॉफीची पत्र्याची डबी, झाकणाला भोकं, आत काठोकाठ जीरावन. आदल्या आठवड्यात गॅलरीत खिळा-हातोडी घेऊन बसलेले मी तुम्हाला पाहिलं होतं. भोकं एका रांगेत आली नाहीत म्हणून स्वतःशी पुटपुटत होतात. ती कॉफी तर आई असताना बाजारात आलीही नव्हती. तुम्ही म्हणालात, "आईची आहे. जपून ठेव." मी म्हणाले, हो बाबा. होस्टेलात सगळ्या मुली मेसच्या भाजीवर ते जीरावन घालून खायच्या आणि मी सांगायची, आमच्या आईचं आहे. तिथं मला कुणी खोटं पाडणारं नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा बँकेनं दिलेली स्वेच्छानिवृत्ती घेऊन तुम्हाला थोडेच दिवस झाले होते. शेवटी दवाखान्यात तुम्हाला पेजेशिवाय काही चालत नव्हतं. मी चमचा धरला की तुम्ही तोंड उघडायचात, आणि गिळून होईपर्यंत मी थांबायची. तेव्हा आईचं खरं काय ते विचारायला हवं होतं. मला सुचलं नाही असं नाही, धीर झाला नाही. पुढं मी पुण्याची नोकरी सोडून इकडेच आले, शाळेत लागले, देवास रोडला हा फ्लॅट घेतला. लग्नाचं जे झालं ते तुमच्या डोळ्यांदेखत झालं, ते पुन्हा लिहीत नाही. थंडीत गराडू येतात. भाजीवाला विचारतो, मैडम, आधा काट दूँ? एकट्या बाईला अख्खा गराडू कशाला, हे त्याला कळतं. मी अख्खाच घेते. अर्धा तळते, उरलेला अर्धा कापलेल्या बाजूनं काळा पडतो आणि मी तो टाकून देते. दर वर्षी.

आणि आता मावशी म्हणते की ताईनं असलं काही कधी केलंच नाही. मग आई करायची तरी काय, असं मी तिला त्या संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, ताईला स्वयंपाकाची आवडच नव्हती गं. रेडिओ लावून बसायची आणि दूध उतू जायचं. पिठलं बरं करायची. झोका उंच घ्यायची. मावशीनं पुष्कळ सांगितलं, मायेनं सांगितलं, आणि मी ऐकत राहिले. त्या बाईची आणि माझी ओळख नव्हती. खरी आई मला इतक्या वर्षांनी कळली आणि मी होते त्याहून एकटी झाले. मावशी गेल्यावर मला तुमचा राग आला, बाबा. एका पोरीला तुम्ही ठेल्यावरून आई आणून दिलीत, रोज थोडी थोडी, दोन्यातून. आणि ती खरी नव्हे हे सांगायला स्वतः थांबला नाहीत. राग एकटीनं धरायचा तर तो फार वेळ पुरत नाही, आणि मग जे उरतं ते रागापेक्षा वाईट असतं. आता माझ्याजवळ ना ती आई राहिली ना ही, असं वाटत राहिलं.

मावशीला काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं. मी म्हणाले, "करायची, मावशी. तुला माहीत नसेल. तू नाशिकला होतीस."  ती "असेल बाई" म्हणाली आणि तळण झाल्यावर कढईतून काढलेला एक तुकडा उचलून तिनं तोंडात टाकला. जरा चावून म्हणाली, "मीठ कमी आहे. ताईचंही हेच. कमी टाकायची, आणि मग स्वतःवरच चिडायची." मी तेव्हा मिठाची बरणी पुढे केली आणि तेवढ्यापुरता विषय संपला. आज पुन्हा तळायला बसले आणि ते वाक्य आठवलं. बाबा, हे मावशीला तुम्ही सांगितलेलं नव्हतं. ती ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होती. म्हणजे गराडू ठेल्याचे होते, कचोरी ठेल्याची होती, तेलाचा हातही ठेल्याचा. पण त्यांच्यामागे उभी राहून मिठावरून चिडणारी ती खरी आईच होती. तिच्याबद्दल बोलायला तुम्हाला काहीतरी हातात हवं होतं, आणि पिठलं तर तुम्हाला येत नव्हतं.

तुकडे एकदा तळून काढले आहेत. तुम्ही बँकेतले पाठकोरे कागद आणून त्यांवर काढायचात, तेल टिपायला. माझ्याकडे तसले कागद नाहीत, तेव्हा दुसऱ्यांदा तळले की हे लिहिलेलेच कागद खाली घालीन. त्याआधी एक सांगून टाकते. त्या पहिल्या दोन्याच्या संध्याकाळी चौकात मला आईचं काहीएक आठवलं नव्हतं. तुम्ही बोलत नव्हता, आणि मला नाशिकला जायचं नव्हतं.